भिंतीवरची सुपं

माझी नात परदेशात शिकते. नात म्हणजे रक्ताची नव्हे, मानलेली. ती कुणाची लेक ते पुढं येईलच. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आजी, मी इंटर्नशिप करतेय." म्हटलं, ते आणि काय? तर म्हणे, शिकता शिकता एखाद्या ठिकाणी जाऊन खरोखरचं काम करायचं, तिथल्या माणसांत, तिथल्या रीतीनं. नीट झालं तर पास, नाहीतर शिकलेलं पाण्यात. आणि वर म्हणते कशी, "परक्या मुलखात हे किती जड जातं, ते तुला नाही कळायचं गं."

मला नाही कळायचं! अगं बाई, आम्ही त्याला उमेदवारी म्हणत होतो, आणि मीसुद्धा ती परमुलखातच केली. एकदा नव्हे, दोनदा. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. म्हणून हे लिहून काढते आहे. मला शाळा नाही. अक्षरं शिकले ती गुळाच्या पुडीच्या कागदावरून आणि दुकानाच्या पाट्यांवरून. बोलते तशी लिहिते. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, मला हसून घ्यायची सवय आहे.

माझ्या परमुलखाला विमान लागत नव्हतं. नीरा ओलांडली की आला. आमचं गाव शिरवळच्या अंगाला. आमची बाजू खालसा, म्हणजे इंग्रजाची. नदीपलीकडं भोर संस्थान. तिथला राजा वेगळा, कचेरी वेगळी, नाक्यावरचा शिपाईसुद्धा वेगळ्या पागोट्याचा. आता संस्थानं गेली, नाकाही गेला, आजच्या पोरांना खरं वाटायचं नाही. पण तेव्हा भोरातली बाई भांडताना "जा तुझ्या खालसात" म्हणायची, आणि ते लागायचं.

मी नाक्यावर पोचले तेव्हा विशीत असेन. डोक्यावर गाठोडं. शिपायानं हटकलं.

"कुठली गं?"

"खालसातली."

"भोरात काय काम?"

"शिकायला आलेय."

तो असा हसला की त्याची विडी पडली. "शिकायला? तू?"

म्हटलं, "गाठोड्याला जकात असंल तर सांगा, भरते. हसण्याला असंल तर तुमची तुमी भरा."

त्यानं गाठोडं सोडूनसुद्धा बघितलं नाही. जा म्हणाला.

घरून का निघाले, ते थोडक्यात सांगते, त्यात रस घेण्यासारखं काही नाही. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मी त्याचा उंबरा उतरले. लोक म्हणायचे टाकलेली. मी म्हणायची, त्यानं टाकली नाही, मी सोडला. माहेरी आले तर थोरला भाऊ म्हणाला, "माझ्या घरात कोपरा हाय. पडून ऱ्हा. पर बाहीर तोंड दावायचं न्हाई." तो कोपरा मी चांगला ओळखत होते. चुलीच्या मागचा, सरपण रचायचा. तिथं आधी आमची एक चुलती पडून राहिली होती, ती तिथंच म्हातारी झाली. सरपणात आणि तिच्यात लोकांना फरक दिसायचा नाही. मी तो कोपरा बघितला आणि भोरातल्या मावशीचा पत्ता विचारला.

मावशी दवाखान्यापाशीच राहायची. त्या वर्षी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुईणींचा वर्ग काढला होता. बाटलीवरचं नाव वाचता येईल तिला घेणार, एवढीच अट. बाईंनी माझ्यासमोर एक बाटली धरली. मी नाव वाचलं, खालची बारीक अक्षरंही वाचली, आणि बाटली कुठल्या गावात भरली तेही वाचलं. बाई म्हणाल्या, "पुरे." अशी माझी भरती झाली.

बाई कडक होत्या. पांढरं पातळ, पायात बूट, मनगटावर घड्याळ. हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं काढायची, कातर आणि दोरा उकळून घ्यायचा, आणि कुठल्या वेळी आपला शहाणपणा बंद करून दवाखान्याला माणूस धाडायचा, हे त्यांनी आमच्या अंगात भिनवलं. आजही मी भाजी चिरायच्या आधी कोपरापर्यंत हात धुते, वाडीतल्या सुना हसतात.

त्यांचा एक नियम होता, तो त्या रोज म्हणवून घ्यायच्या. घरातून काही घ्यायचं नाही. नारळ नाही, खण नाही, धान्य नाही. का, तर आदल्या वर्षीची एक बाई, जिथून बाळंतपणाच्या मानाचं भरलं सूप मिळायचं तिथं धावत जायची आणि गरिबाच्या दारी पोचेस्तोवर पोर जन्मून जायचं. बाईंचं बरोबर होतं. मला पटलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात बाई वाईट आणि मी चांगली असं कुणाला वाटायला नको.

वर्ग संपला की उमेदवारी. पेरण्यांपासून दसऱ्यापर्यंत एका गावात राहायचं. आपण होऊन कुणाच्या घरात शिरायचं नाही. लोकांनी बोलावलं पाहिजे. दसऱ्याला बाई स्वतः येणार, घरोघर विचारणार, बाळंतिणी बघणार, पोरं बघणार. पास झाली तिला दवाखान्यात जागा. नापास झाली ती घरी. बाकीच्यांचं घर म्हणजे घर होतं. माझं घर म्हणजे तो सरपणाचा कोपरा.

गावं वाटली. एकीला हिर्डोशी मिळालं, तर ती वरंध्याच्या घाटवाटेचं ऐकूनच रडायला लागली. माझ्या वेळी कुणीतरी म्हणालं, "ती खालसातली हाय, तिला काय, धाडा डोंगरात." मला राजगडाच्या पायथ्याची, गुंजवण्याच्या वरच्या अंगाची एक वाडी आली. तेव्हा धरण नव्हतं. नसरापुरापर्यंत बैलगाडी, पुढं मार्गासनीवरून पाय. पोचले तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं आणि डोक्यावर उकळायची पातेली.

जिच्या पडवीत माझी सोय केली होती तिला सगळी वाडी आत्या म्हणायची. नवरा नव्हता, भाताची खाचरं स्वतः कसायची, एक मुलगा, एक सून. तोंड म्हणजे धार लावलेला विळा. मला वरपासून खालपर्यंत बघून सुनेला म्हणाली, "हिच्यात हाडं हायती का नुसतं लुगडंच चालत आलंय?" दुसऱ्या दिवशी मी पातेलीत कातर उकळायला ठेवली तर चुलीपाशी येऊन उभी. "कातर शिजवून खात्यात व्हय तुमच्या खालसात? कालवण कशाचं करू?"

झालं, वाडीनं माझं नाव कातरीण ठेवलं. मला राग आला नाही. नाव ठेवतात म्हणजे दखल घेतात.

वाडीची जुनी सुईण आदल्या वर्षी वारली होती. तेव्हा कुणाच्या पानातलं मी ओढत नव्हते. लावणीचे दिवस होते, सगळी माणसं खाचरात वाकलेली, आणि भर दुपारी खालच्या आळीतली एक म्हातारी डोक्यावरचं इरलं सावरत पळत आली. तिच्या सुनेची पहिलटकरणीची वेळ भरली होती. मी हात धुतले, कातर घेतली, गेले. बाई, काय सांगू, देवानं हात दिला. दिवस कलायच्या आत पोरगा झाला. रंग लाल, आवाज असा की वरच्या आळीला ऐकू जावा. आईसुद्धा ठीक. मी सगळं आवरलं, बाळ पुसून आईजवळ दिलं आणि मनात म्हटलं, बाईंनी हे बघायला हवं होतं.

तेवढ्यात पोराची आजी आतून सूप घेऊन आली. नवंकोरं सूप, शेणानं सारवलेलं, त्यात तांदूळ, वर नारळ, खणाचा तुकडा, हळदकुंकू. सुईणीचा मान.

मी हात जोडले. "नगो आजी. मला घ्यायचं न्हाई."

"कमी हाय का?"

"कमी न्हाई. पर म्या घेत नसते."

"एक मूठ तरी घे."

"एक दाणा बी न्हाई."

म्हातारीनं सूप जमिनीवर ठेवलं. बाजेवरची सून माझ्याकडं बघत राहिली, डोळा न मिटता. मला वाटलं, इतकी निर्लोभी बाई यांनी कधी बघितली नसावी. आमच्याकडं सुईण नको म्हणाली असती तर लोकांनी देवापुढं साखर ठेवली असती. मी ताठ मानेनं घरी आले आणि मजेत भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून वाडी गप्प. मी पाण्यावर गेले की बायका घागर अर्धी भरून उठायच्या. लेकुरवाळ्या मला बघून पदर ओढायच्या पोरांच्या तोंडावर. दोन घरं सोडून एक बाळंत झाली. मी पडवीत कातर उकळत बसले होते आणि मला तिथलं पोर रडल्याचं ऐकू आलं. मला कुणी बोलावलंच नव्हतं. आणि आत्या टोमणे मारायची बंद झाली. तेव्हा मात्र मी घाबरले. आत्यानं मारलेला टोमणा सोसता येत होता, आत्याचं "जेवलीस का" सोसवेना.

बोलावणं नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे दसऱ्याला बाईंना दाखवायला काही नाही, आणि मग तो कोपरा. रिकामं बसवेना म्हणून मी आत्याच्या खाचरात लावणीला उतरले. दोघी वाकून रोपं खोचत होतो. मग आत्या मान वर न करता म्हणाली,

"कवा?"

"काय कवा?"

"त्ये पोरगं. कवा जायचं?"

"कंचं पोरगं? कुठं जायचं?"

आत्या सरळ उभी राहिली. "खालच्या आळीचं गं. तू सूप टाकलंस न्हवं त्येचं."

मला काही उमगेना. मग तिनं सांगितलं. त्या डोंगरात रीत अशी, की सुईण पोराच्या टाळूला हात लावते, तिला कळतं. पोर राहायचं असलं तर ती सूप घेते. राहायचं नसलं तर तोंडानं अभद्र बोलायचं नाही, नुसतं सूप घ्यायचं नाही. घरानं समजून जायचं. जाणाऱ्या जिवाचं अन्न सुईणीनं खाऊ नये.

"त्यांनी एक मूठ म्हणलं तर तू दाणा बी न्हाई म्हणालीस," आत्या म्हणाली. "म्हंजी लईच जवळ आलं असंल."

माझ्या हातातली रोपं चिखलात पडली. "आत्या, त्यो दवाखान्याचा नियम हाय! कुणाचंच घ्यायचं न्हाई असा."

"दवाखान्याला बी आधीच कळतं व्हय?"

"कुणाला काई कळत न्हाई! पोरगं ठणठणीत हाय! मला आधी का न्हाई सांगितलंत?"

"आमाला काय ठावं? आमाला वाटलं, तुला ठावं हाय म्हून तर टाकलंस." मग म्हणाली, "तिला दूध उतरंना आता. पोरगं रडतंय आनि ती भिताडाकडं तोंड करून निजतीय. जाणाऱ्याला माया कशापायी लावू, म्हणती."

मी तशीच निघाले. गुडघ्यापर्यंत चिखल, हात चिखलाचे, पाऊस चालूच. बाईंनी मला तशी बघितली असती तर तिथंच वर्गातून काढली असती. खालच्या आळीत त्या घरापुढं उभी राहिले आणि अंगणातून हाक मारली.

"आजी! माझं सूप आणा बाहीर!"

म्हातारी दारात आली. "काय?"

"माझं सूप. हक्काचं. पोर म्या काढलं, सूप कुठं हाय माझं?"

"त्ये... त्ये तर शिवंवर ठिवून आलो आमी. उतारा म्हून."

"माझ्या हक्काचं सूप शिवंवर टाकायला तुमाला कुणी सांगितलं? किड्यामुंग्यांनी काढलं व्हय तुमचं पोर? दुसरं आणा. आनि तांदूळ कमी भरायचं न्हाई, बघून घीन."

आळीतल्या बायका जमल्या. खाचरातून माणसं वाकून बघायला लागली. एक शेजारीण म्हणाली, "अगं पर एकदा टाकलेलं असं मागून घेतलं तर चालतं व्हय?"

"वाडीची सुईण कोण हाय? तू का मी?"

"तू."

"मग चालतं का न्हाई त्ये म्या सांगायचं. चालतं."

सूप आलं. घाईत सारवलेलं, शेण ओलंच होतं. मी हात धुतले, कोपरापर्यंत, सगळ्यांदेखत. मग मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले आणि दारातच उभी राहून चावले. कच्चे तांदूळ चावायला वेळ लागतो. सगळी आळी माझ्या जबड्याकडं बघत होती. ते गिळले आणि आत गेले. पोराला उचललं, सुनेच्या पाठीला हात लावला.

"हिकडं बघ गं. म्या ह्याचं खाल्लं. सुईण खोटं खात नसती. घे पदराखाली."

ती उठून बसली. मला वाटतं, ती ऐकायला टपलेलीच होती. पोरानं असा चुरुचुरु आवाज केला की दारातली म्हातारी रडायला लागली आणि मग स्वतःच्या रडण्यावर हसायला लागली.

मी सूप डोक्यावर घेतलं. घर जवळच होतं, पण सरळ घरी गेले नाही. खालच्या आळीतून वरच्या आळीला, मारुतीला वळसा, पाणवठ्यावरून, ज्या ज्या बाईनं पदर ओढला होता तिच्या तिच्या दारावरून, सावकाश. खण भिजला, तांदूळ भिजले, भिजू दे म्हटलं. ओसरीवर आले तर आत्या आधीच घरी पोचलेली. सुपाकडं बघून म्हणाली, "एवढ्या वेळात येक वाफा झाला असता लावून." मला इतकं बरं वाटलं! टोमणा परत आला होता.

तेच पोर पुढं वाढून माझ्या नातीचा बाप झालं. आता कळलं ना, ती नात कुठून आली?

नियम मोडला हे मला पक्कं माहीत होतं. चुकून मोडला नाही. रागाच्या भरात मोडला असंही नाही. परत येताना प्रत्येक दाराशी मला वाटत होतं, इथं टाकून द्यावं सूप आणि बाईंच्या नियमात राहावं. नाही टाकलं. त्यानंतर बोलावणी सुरू झाली आणि मी प्रत्येक घरचं सूप घेतलं. दाणा दाणा घेतला. गरिबाचं आधी घेतलं, कारण तिथं मी सूप नाही म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं पोरही जातं आणि मानही जातो. वर धनगरवाड्यावर बोलावलं, तिथल्या सुपात तांदूळ नव्हते, नाचणी होती आणि कातायला पिंजलेल्या लोकरीचा पेळू. तो मी अजून ठेवला आहे. रिकामी सुपं पडवीच्या भिंतीला खुंट्यांवर टांगायची. आत्या म्हणायची, "आता कणगी लागंल तुला. का सुपाचं दुकान काढतीस?"

एक पोर गेलंसुद्धा. पोटातच गेलेलं होतं. तिथं सूप कुणी आणलं नाही. आंघोळ करून ओसरीवर बसले. आत्या शेजारी येऊन बसली. त्या दिवशी टोमणा नाही, काही नाही. त्या घरची खुंटी मी रिकामी ठेवली.

दसरा आला. बाई आल्या, तट्टावर बसून, बूट चिखलानं भरलेले. घरोघर हिंडल्या. पोरांचे डोळे बघितले, बेंब्या बघितल्या, बाळंतिणींना ताप आला होता का विचारलं. ताप कुणालाच आला नव्हता. बाईंचा चेहरा मोकळा होत गेला तसा माझा बारीक होत गेला, कारण आत्याची पडवी शेवटी होती.

आल्या आणि भिंतीपुढं थांबल्या.

"हे काय?"

"सुपं."

"कुणाची?"

"माझी."

"नियम माहीत नव्हता?"

"माहीत व्हता. रोज म्हणलेला हाय."

मग मी सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच, फक्त तेव्हा घाम फुटला होता. बाईंनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ऐक. तू काम चांगलं केलंस. आत्ता माझ्यादेखत घरोघर जा आणि ही सुपं परत दे, असतील तेवढ्या तांदळांसकट. मी झालं ते विसरते. आजच पास करते."

पडवीच्या बाहेर वाडी जमली होती. कुणी पोर कडेवर घेऊन, कुणी पदराखाली घेऊन. मी भिंतीकडं बघितलं. ते एकेक सूप परत करायचं म्हणजे एकेका पोराच्या दारात जाऊन, हे राहायचं नाही, असं सांगून यायचं. आणि नाही केलं तर कोपरा. चुलीचा धूरसुद्धा नाकात आला माझ्या, खरं सांगते.

"न्हाई जमायचं," मी म्हणाले.

"असल्या समजुती पोसायच्या आपण?"

"बाई, ती समजूत मोडायची असंल तर मोडू, सवडीनं मोडू. पर त्या लेकरांच्या जिवावर मला मोडायची न्हाई."

बाई बायकांकडं वळल्या. "तुम्ही घाबरू नका. सूप परत घेतल्यानं काही होत नाही."

आत्या नातवाला खांद्यावर थोपटत होती. तिच्या सुनेचं सूपही त्याच भिंतीवर होतं. म्हणाली, "आमी कुठं घाबरतोय बाई? आमी फकस्त घेत न्हाई." आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं, दारं लावून घ्या आपापली." आणि खरंच, बायका गेल्या, आणि एकामागून एक दारं लागल्याचे आवाज आले. परत द्यायला दारच उरलं नाही.

बाई लाल झाल्या. "मग या वर्षी तू पास नाहीस."

"बरं."

"पुढच्या वर्षी पुन्हा उमेदवारी करायची तयारी आहे?"

"हाय. पर ह्याच वाडीत."

"आणि सुपं?"

"ती बी ह्याच भिताडावर."

बाई तट्टावर बसल्या आणि उतारानं गेल्या.

भोरात मावशीकडं सामान आणायला गेले तर भाऊ येऊन बसलेला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. नापासाची बातमी नदी लवकर ओलांडते. "झाली न्हवं हौस? चल आता. कोपरा तसाच ठिवलाय."

"दादा," म्हटलं, "त्यात सरपण ठेव. पावसाळ्यात भिजतंय तुझं."

तो उठून गेला. मावशी डोक्याला हात लावून बसली. मी गाठोडं उचललं आणि परत डोंगराची वाट धरली. आत्या म्हणाली, "आलीस व्हय? बरं झालं. पडवी रिकामी हाय, आनि तुझं तांदूळ मी एकटी किती खाऊ?" त्या हिवाळ्यात मी भात झोडला, गुरं राखली, आणि बोलावलं तिथं कातर उकळून गेले, दवाखान्याची म्हणून नव्हे, वाडीची म्हणून.

पुढच्या पेरण्यांना बाईंनी पुन्हा माझं नाव त्याच वाडीला लावलं. का लावलं, मी विचारलं नाही. दुसरी उमेदवारी पहिल्यासारखीच झाली: तीच कातर, तीच आत्या, नवी पोरं. भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा मी वर वाशाला खुंट्या ठोकल्या.

दसऱ्याला बाई आल्या. घरोघर हिंडल्या. पहिल्या वर्षीचं ते खालच्या आळीचं पोर तोवर चालायला लागलं होतं. ते बाईंच्या बुटाची नाडी ओढत मागं मागं आलं. बाई पडवीत शिरल्या, वर बघितलं, वाशापासून जमिनीपर्यंत. आत्या दारात, कमरेवर हात ठेवून. बाहेर वाडी. मी कोपरापर्यंत हात धुऊन उभी, जणू कुणाचं बाळंतपणच करायचं आहे. या वेळी नापास झाले तर तिसऱ्यांदा करणार होते. तसं सांगायचं वाक्यही तयार करून ठेवलं होतं.

ते वाक्य माझ्याकडंच राहिलं. बाईंनी वाशाकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "वरून पाणी गळतंय तिथं. सुपं काढून घे, बांबू कुजेल." आणि बसल्या, आत्यानं पुढं केलेलं ताक प्यायल्या, आणि तिथंच, मांडीवर कागद ठेवून, मला पास केलं. दवाखान्यात जागा, आणि गाव हेच. सुपाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, ना हो ना नाही.

त्या उताराला लागल्या तेव्हा आत्या म्हणाली, "काढतीस न्हवं मग सुपं? बाईनी सांगितलंय."

मी स्टुलावर चढले. गळतीच्या बरोबर खाली होती तेवढी दोन काढून कोरड्या जागी टांगली. बाकीची होती तिथंच ठेवली.